पन्नास मिनिटांनी या

२००८ च्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही चौघं मुंबईजवळच्या एका अम्युझमेंट पार्कात गेलो होतो. मी अकरा वर्षांचा, धाकटा भाऊ आठचा. उंचावरून पाण्यात घसरत येणारी एक होडी होती, आणि मला तिच्यात बसायचंच होतं. पत्र्याच्या शेडखाली लोखंडी रेलिंगमधून नागमोडी रांग. पहिली दहा मिनिटं भाऊ खुशीत होता, कारण तो रेलिंगच्या नळ्या मोजत होता. मग रांग थांबली आणि मोजायला नळ्या उरल्या नाहीत. त्याने कानांवर हात ठेवले, मग खाली फरशीवर बसला, मग रेलिंगवर कपाळ आपटायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "काय नाटकं आहेत पोराची." बाबांनी पुढे जाऊन तिथल्या मुलाला विचारलं, याला जरा आधी घेता येईल का? तो मुलगा विशीतलाच असेल. उद्धट अजिबात नव्हता. म्हणाला, "काका, सगळे रांगेतच आहेत ना."

आई भावाला घेऊन रेलिंगखालून वाकून बाहेर पडली. मी आणि बाबा रांगेतच राहिलो. चाळीस मिनिटांनी आमचा नंबर लागला. पार्कवाल्यांनी काढलेला होडीतला फोटो अजून घरी आहे. त्यात आम्ही दोघंच आहोत आणि मी खूप हसतोय.

मी आता पुण्यात पेमेंटचे मेसेज रांगेत लावणाऱ्या एका सिस्टिमवर काम करतो. कुठला मेसेज आधी जाईल, कुठला थांबेल, थांबलेला किती वेळ थांबला की त्याला पुढे ढकलायचं, हेच दिवसभर. दोन वर्षांपूर्वी याच कामासाठी 'व्हर्च्युअल रांग' या विषयावर वाचताना फ्लोरिडातल्या एका खटल्याच्या निकालपत्रापाशी पोचलो. एका बाजूला स्वमग्न मुलांचे आईवडील, दुसऱ्या बाजूला डिस्ने. वाद एवढाच, की रांगेत थांबू न शकणाऱ्या माणसाला किती वेळ थांबवायचं. रात्री अकराला वाचायला घेतलं आणि दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. त्या होडीवरच्या मुलाचं वाक्य तिथे कायद्याच्या भाषेत, पानोपानी होतं.

तो खटला समजायला आधी रांग समजून घ्यावी लागते.

कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नेलँड सुरू झालं १७ जुलै १९५५ ला. तेव्हा प्रवेशाचे पैसे वेगळे आणि प्रत्येक राइडचे वेगळे. काही महिन्यांतच कूपनांची पुस्तकं आली. साध्या राइडला 'ए' कूपन, त्याहून बरीला 'बी', असं करत १९५९ मध्ये सगळ्यात भारी राइडसाठी 'ई' कूपन आलं. आपल्याकडच्या जत्रेचाच हिशेब: पाळण्यात बसायचं तर पाळण्याचं तिकीट काढा. पुस्तकात 'ई' कूपनं मोजकीच असायची, त्यामुळे ती जपून वापरली जायची आणि गर्दी आपोआप पांगायची.

१९८२ मध्ये डिस्नेने कूपनं बंद केली. एकदा दारात पैसे भरा, आत हवं तितक्या वेळा बसा. टेक्सासमधलं सिक्स फ्लॅग्ज हे १९६१ पासूनच करत होतं. ऐकायला हे छान वाटतं, पण जी गोष्ट पैशात फुकट होते तिची किंमत दुसऱ्या कशात तरी मोजावी लागते. इथे ती मिनिटांत मोजली जाऊ लागली. लोकप्रिय राइडला सत्तर मिनिटं, टुकार राइडला पाच. रांग हेच कूपन झालं.

हे चलन सगळ्यांना समान वाटतं, कारण श्रीमंत असो की गरीब, दिवसाला तास तेवढेच. म्हणूनच रांग मोडलेली माणसाला इतकी झोंबते. एमआयटीच्या रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्ये रांगांवर एक निबंध लिहिला. त्यातला एक मुख्य मुद्दा हा, की रांगेतल्या माणसाला किती वेळ गेला यापेक्षा मागचा पुढे गेला का, याचा त्रास जास्त होतो. त्याच्या दोन वर्षं आधी डेव्हिड मायस्टर यांनी वाट पाहण्याचं मानसशास्त्र मांडलं होतं: रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, अनिश्चित वेळ निश्चित वेळेपेक्षा लांब वाटतो. माझ्या भावाला कुणी मायस्टर वाचून दाखवला नव्हता, पण नळ्या संपल्यावर काय होतं ते त्याला पक्कं माहीत होतं. फरक इतकाच, की बाकीच्यांना ती मिनिटं लांब *वाटतात*. त्याच्या अंगावर ती येतात. समान चलन म्हणतो ते समान नव्हतंच. एकाच चाळीस मिनिटांसाठी मी कंटाळा मोजला आणि त्याने कपाळ.

आता कायद्याकडे. अमेरिकेत १९७३ च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्टमध्ये कलम ५०४ होतं: सरकारी पैसा घेणाऱ्या कुणीही अपंगत्वामुळे भेदभाव करायचा नाही. पण नियम निघेनात. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत ज्युडी ह्यूमन आणि शंभरावर अपंग कार्यकर्ते घुसले आणि तीन आठवड्यांहून जास्त तिथेच बसून राहिले. त्यांना जेवण पोचवत होते ब्लॅक पँथर पार्टीचे लोक. नियमांवर सही झाली. खासगी दुकानं, हॉटेलं, थिएटरं मात्र अजून बाहेरच होती. त्यासाठी मार्च १९९० मध्ये वॉशिंग्टनला संसदेच्या पायऱ्यांशी माणसांनी व्हीलचेअर सोडल्या आणि हातांवर, कोपरांवर सरपटत वर गेली. त्यांत आठ वर्षांची एक मुलगी होती. २६ जुलै १९९० ला अमेरिकन्स विथ डिसेबिलिटीज अ‍ॅक्ट, म्हणजे एडीए, अमलात आणणारी सही झाली. त्यात सार्वजनिक जागांची जी यादी आहे तिच्यात अम्युझमेंट पार्क हा शब्द नाव घेऊन लिहिलेला आहे. पळवाट नव्हती.

जुन्या राइडच्या रांगा इतक्या चिंचोळ्या होत्या की व्हीलचेअर वळायचीच नाही. मग सोय काय, तर बाहेर पडायच्या दाराने आत या. त्यात थांबणं जवळपास नसायचं. ही कुणी उदारपणे दिलेली सवलत नव्हती, बांधकामातल्या चुकीचा तो आडपरिणाम होता. पण रांगेत घामाघूम उभ्या माणसाला मागच्या दाराने आत जाणारं कुटुंबच दिसतं, रेलिंगची रुंदी दिसत नाही. पुढे नव्या रांगा रुंद बांधल्या गेल्या, २०१० च्या मानकांनी नव्या राइडमध्ये व्हीलचेअरसाठी जागा किंवा सरकून बसता येईल अशी सीट बंधनकारक केली, आणि व्हीलचेअरवाले बहुतेक ठिकाणी सगळ्यांबरोबर रांगेत आले. बरोबरही होतं ते. ज्याची अडचण रेलिंगची रुंदी होती, त्याची अडचण वेल्डिंगने सुटते.

ज्याची अडचण वेळ हीच आहे त्याचं काय?

एडीएचा निकष असा: वाजवी बदल करून द्या, पण ज्याने त्या सेवेचा गाभाच बदलेल असा बदल करायची सक्ती नाही. गाभा म्हणजे काय, यावर २००१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात एक गमतीशीर वाटावा असा, पण फार महत्त्वाचा निकाल लागला. केसी मार्टिन नावाच्या गोल्फपटूच्या पायात रक्ताभिसरणाचा आजार होता. त्याला स्पर्धेत गाडीतून फिरायची परवानगी हवी होती. स्पर्धावाले म्हणाले, चालून येणारा थकवा हा खेळाचाच भाग आहे. कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं, की नाही, गोल्फ म्हणजे चेंडू मारणं. चालणं हा त्याचा गाभा नाही.

हा निकाल वाचून माझ्या डोक्यात लगेच आलं, की मग थीम पार्कचा गाभा काय? होडीत बसणं, की होडीसाठी थांबणं?

डिस्नेकडे २०१३ पर्यंत 'गेस्ट असिस्टन्स कार्ड' होतं. गेस्ट रिलेशन्सच्या खिडकीवर जाऊन अडचण सांगायची, कार्ड मिळायचं. डॉक्टरचा कागद मागत नसत. स्वमग्न मुलांची कुटुंबं बहुतेकदा फास्टपासच्या वेगळ्या रांगेतून थेट आत जात. फास्टपास १९९९ मध्ये आला होता आणि तो सगळ्यांना फुकट होता: यंत्रात आपलं तिकीट घालायचं, तासाभराची एक वेळ छापून येणार, तोवर कुठेही फिरा, त्या वेळेत परत या. तुमच्या जागी तुमची चिठ्ठी रांगेत उभी. इंजिनिअर म्हणून मला ही कल्पना आजही सुंदर वाटते.

मे २०१३ मध्ये न्यूयॉर्क पोस्टने बातमी छापली. मॅनहॅटनमधल्या काही श्रीमंत आया अपंग 'गाइड' भाड्याने घेतात, दर तासाला १३० डॉलर, आठ तासांचे १,०४०, आणि त्या गाइडच्या जिवावर पोरं रांग न लावता राइडवर जातात. देशभर संताप झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेने ते कार्ड बंद करून नवं 'डिसेबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस' आणलं. यात थेट प्रवेश नाही. राइडची रांग साठ मिनिटांची असेल तर तुम्हाला सांगणार: पन्नास मिनिटांनी या. रांगेत उभं राहू नका, पण थांबायचं तेवढंच. वर दहा मिनिटांची सूट.

इथे थोडं गणित, कारण ते टाळलं की वाद नुसता भावनांचा होतो. समजा एका राइडवर तासाला १,२०० लोक बसतात आणि रांगेत १,२०० लोक आहेत. शेवटच्याला साठ मिनिटं. आता तासातल्या ३०० जागा बाजूच्या दाराने येणाऱ्यांना दिल्या. हे ३०० जण आधी याच रांगेत असतील, तर रांगेत उरले ९०० आणि त्यांना मिळतात ९०० जागा. शेवटच्याला साठच मिनिटं. कुणाचं काही गेलं नाही. पण बाजूने येणारे ३०० जण जास्तीचे असतील, म्हणजे तेच लोक फिरून फिरून बसत असतील, तर रांगेतले १,२०० तसेच राहतात आणि शेवटच्याला ऐंशी मिनिटं लागतात. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६५ मध्ये हे नीट सिद्ध केलं: यंत्राचा वेग आणि एकूण काम तेच असेल, तर क्रम बदलून सगळ्यांचं थांबणं कमी करता येत नाही, ते फक्त एकाकडून दुसऱ्याकडे सरकतं. (हे तेच क्लाइनरॉक, ज्यांच्या लॅबमधून १९६९ मध्ये आजच्या इंटरनेटच्या पूर्वजावरचा पहिला मेसेज गेला.) तेव्हा डिस्नेची नवी पद्धत गणिताला धरून होती. ज्याने त्याने आपल्या वाटचं थांबायचं, फक्त जागा निवडायची.

मी ती डिझाइन केली असती तर मीही अशीच केली असती, आणि कोड रिव्ह्यूमध्ये शाबासकी घेतली असती.

२०१४ पासून कुटुंबं कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं असं, की तुम्ही रांग काढलीत, थांबणं ठेवलंत, आणि आमच्या मुलांना तेच जमत नाही. एका तरुणाचा उल्लेख निकालात फक्त आद्याक्षरांनी येतो. तो दर वेळी पार्कात ठरलेल्या क्रमानेच फिरायचा. त्याला राइडच्या दारात नेऊन 'पन्नास मिनिटांनी या' म्हणणं म्हणजे आकडा सांगणं नव्हतं. त्याच्या डोक्यातला दिवसच तिथे तुटत होता. खालच्या कोर्टाने साक्षीपुरावे न ऐकताच डिस्नेच्या बाजूने निकाल दिला. ऑगस्ट २०१८ मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला आणि म्हटलं, हा माणूस किती वेळ थांबू शकतो हा तथ्याचा प्रश्न आहे, खटला चालवा. खटला फेब्रुवारी २०२० मध्ये चालला. डिस्नेच्या इंजिनिअरांनी टॉय स्टोरी मेनिया या राइडचे आकडे मांडले: मागणीप्रमाणे सूट दिली तर साधी रांग किती लांबेल. वरचंच गणित, फक्त खरं. जूनमध्ये न्यायाधीश अ‍ॅन कॉनवे यांनी निकाल दिला. हव्या तेव्हा, हव्या तितक्या वेळा प्रवेश ही त्या तरुणाची गरज असल्याचं सिद्ध झालेलं नाही, आणि तसं करणं पार्कच्या गाभ्यालाच धक्का लावेल.

म्हणजे कोर्टाच्या लेखी थांबणं गाभ्यात बसलं. गोल्फमध्ये चालणं बसलं नव्हतं.

मी त्या निकालावर बराच वेळ चिडून होतो, आणि मग चिडायला नक्की कारण काय हे शोधताना अडखळलो. आकडे चुकीचे नव्हते. मागची ती कुटुंबंही दोन-दोन वर्षं पैसे साठवून आलेली असतात. कुणाची तरी सत्तर मिनिटं शंभर होणार असतील तर त्याचं मोल शून्य धरता येत नाही. मी जर न्यायाधीश असतो तर काय केलं असतं, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

पण पुढे जे झालं त्याने कोड्याचा एक तुकडा जागेवर बसला. २०२० च्या बंदनंतर डिस्नेने मोफत फास्टपास परत आणलाच नाही. ऑक्टोबर २०२१ पासून फ्लोरिडात तीच बाजूची रांग 'लाइटनिंग लेन' नावाने विकायला ठेवली. २०२४ च्या अखेरीस प्रीमियर पास आला: दिवसभर, हव्या त्या वेळी, प्रत्येक लाइटनिंग लेनमधून एकदा थेट आत. गर्दीच्या दिवशी माणशी ४४९ डॉलरपर्यंत. चौघांचं कुटुंब धरा. मॅनहॅटनच्या त्या आयांनी दिवसाला १,०४० मोजले तेव्हा तो घोटाळा होता. अकरा वर्षांनी त्याहून जास्त पैसे अ‍ॅपवर भरले, तर ते उत्पादन आहे. रांगेच्या गाभ्याला यानेही धक्का लागत असेल, मागच्यांची मिनिटं यानेही वाढत असतील. क्लाइनरॉकच्या सिद्धांतात पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळी ओळ नाही.

एक गोष्ट मात्र बदलली. बाजूची रांग विकाऊ झाली की ती फुकट वापरणारा प्रत्येक जण हिशेबात तोटा म्हणून दिसू लागतो. २० मे २०२४ पासून फ्लोरिडात, आणि जूनपासून कॅलिफोर्नियात, ही सेवा मुख्यतः स्वमग्नता किंवा तशा विकासात्मक अपंगत्वामुळे फार वेळ रांगेत थांबू न शकणाऱ्यांपुरती मर्यादित केली गेली. त्यासाठी व्हिडिओ कॉलवर मुलाखत. खोटं सांगितल्याचं आढळलं तर कायमची प्रवेशबंदी. आतड्याच्या आजारामुळे दर थोड्या वेळाने बाथरूमला पळावं लागणाऱ्याला आता सांगतात, रांगेतून बाहेर जाऊन या, परत आत घेऊ. गर्दीने भरलेल्या रेलिंगमधून उलट दिशेने पळणाऱ्या माणसाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. २०२५ मध्ये याविरुद्ध कॅलिफोर्नियात खटला दाखल झाला आहे.

माझ्या भावाला स्वतःला या यादीत जागा मिळाली असती, हे मला कळतं. पण यादी कशी फिरते तेही आमच्या घराने पाहिलंय. २००८ मध्ये भारतात लागू होता तो १९९५ चा अपंगत्व कायदा. त्यात सात प्रकार होते आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. २०१६ च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले, त्यात ती आली. म्हणजे होडीच्या रांगेत बाबा विनंती करत होते तेव्हा त्यांच्या हातात त्या कायद्याचा आधारही नव्हता. भाऊ तोच होता, आधीही आणि नंतरही.

टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला मॉर्गन्स वंडरलँड नावाचं पार्क आहे. गॉर्डन हार्टमन नावाच्या बिल्डरने आपल्या अपंग मुलीसाठी, तिच्याच नावाने, २०१० मध्ये ते उभं केलं. प्रत्येक राइडवर व्हीलचेअर जाते, अपंग व्यक्तीला तिकीट नाही, आणि २०१७ मध्ये जोडलेल्या वॉटर पार्कात हवेच्या दाबावर चालणाऱ्या, भिजल्या तरी चालतील अशा व्हीलचेअर ठेवल्यात. तिथे खास कार्ड कुणाला द्यायचं, हा प्रश्न मुळातच छोटा होतो. अर्थात असं पार्क नफ्यावर चालत नाही, देणग्यांवर चालतं.

गेल्या वर्षी गावच्या जत्रेला गेलो. सातारा जिल्ह्यातलं गाव, नदीच्या वाळवंटात आकाशपाळणा. भाऊ आता पंचवीसचा आहे. पाळण्याला पन्नास रुपये, एका फेरीचं एक तिकीट. १९५५ चं डिस्नेलँड. त्याची फेरी संपली, पाळणेवाल्याने दांडी उघडली, भाऊ उतरेना. "अजून," म्हणाला. मी खिडकीवर जाऊन आणखी पाच तिकिटं आणली. पाळणेवाल्याने ती बघितली, भावाकडे बघितलं.

"उतरायचं न्हाई व्हय त्याला?"

"नाही."

"बसू द्या की मग."

खाली पंधरा-वीस माणसं थांबली होती. तिसऱ्या फेरीला बापाचं बोट धरलेल्या एका पोराने मोठ्याने विचारलं, तो दादा का उतरत न्हाई? बाप म्हणाला, "त्याची तिकटं हायेत." पोराला ते पटलं. ते पुन्हा पाळण्याकडे बघायला लागलं.

सहाव्या फेरीनंतर भाऊ पुन्हा "अजून" म्हणाला. मी खाली थांबलेल्या माणसांकडे एकदा बघितलं आणि खिडकीकडे गेलो.